शेजारच्या सीटला रकाना नाही

त्याने ब्रेक दाबला. तो ब्रेक तिथे नव्हताच.

गाडी मी चालवत होते. खरा ब्रेक माझ्या पायाखाली होता, आणि खोक्यांची ट्रॉली आडवी आलेली पाहून मी तो दाबलाही. पण माझ्या क्षणभर आधी, शेजारी बसलेल्या त्या अनोळखी माणसाचा बूट समोरच्या मॅटवर असा आदळला की खालचा पत्रा दणाणला. गाडी थांबली. ट्रॉलीवाला हात वर करून, दात दाखवून निघून गेला. आम्ही दोघं त्या बुटाकडे बघत राहिलो.

"सवय…" तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "माझ्या गाडीत तिथे ब्रेक असतो."

"शेजारच्या सीटपुढे?"

"मी गाडी शिकवतो. तिथे ब्रेक नसता तर अकरा वर्षांपूर्वीच माझा कारभार आटोपला असता."

मी हसले. खरं तर आम्हाला हसायची मनाई होती. मत द्यायला आलेल्या माणसासमोर हसायचं नाही, मान डोलवायची नाही, भुवई उचलायची नाही. माणसं समोरच्याचा चेहरा वाचून गुण देतात, असं आमच्या साहेबांचं म्हणणं. साहेबांचा सगळा विश्वास सरासरीवर, म्हणून त्यांना आम्ही पाठीमागे सरासरी साहेब म्हणायचो.

मत हवं होतं ते आमच्या नव्या हायब्रिड गाडीबद्दल. ती बाजारात यायला अजून वर्ष होतं. त्या रविवारी कारखान्याचा मोठा हॉल रिकामा करून, गालिचा अंथरून तिथे दोन गाड्या उभ्या केल्या होत्या आणि एकशेवीस माणसांना बोलावलं होतं. यायचं, बघायचं, बसायचं, आवारात एक फेरी मारायची आणि फॉर्म भरायचा. बाहेरून दोन्ही गाड्या अगदी सारख्या, आत सीट वेगळ्या. दुसऱ्या नमुन्यातली सीट मऊ, बसलं की आत ओढून घेणारी. पहिल्यातली जरा कडक, पाठीला धरून ठेवणारी. ज्या सीटला गुण जास्त ती कायम होणार होती, आणि निकाल पंधरा दिवसांनी लागणार होता.

ती कडक सीट मी केली होती. तीन वर्षं मी तिच्यावर घालवली. किती प्रकारचा फोम कापला, किती लोकांच्या पाठी मोजल्या, किती वेळा सगळं उसवून पुन्हा शिवलं, याची गणती नाही. पण हे कुणाला सांगायचं नव्हतं, कारण ज्याने वस्तू केली त्याच्या तोंडावर कुणी खरं बोलत नाही. म्हणून मी गळ्यात 'मदतनीस' असा बिल्ला अडकवून सकाळपासून माणसांना दारं उघडून देत होते, आणि कान टवकारून ऐकत होते.

मतांना काय तोटा! एक म्हणाला, पुढचे दिवे रागावलेत. दुसऱ्याला तेच दिवे पेंगुळलेले वाटले. एका बाईंनी डॅशबोर्डवरच्या पडद्यावर बोट ठेवून पाहिलं, ठसा उमटला, तो पदराने पुसला आणि 'अंतर्गत सजावट' या रकान्यात शून्य गुण दिले. बॅटरीमुळे डिकी लहान झाली, हे तर पन्नास जणांनी सांगितलं. एक आजोबा गाडी सुरू करा, सुरू करा म्हणून माझ्या मागे लागले. ती सुरूच होती. बॅटरीवर असताना ती गाडी आवाजच करत नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

हा माणूस सगळ्यांत शेवटी आला. उंच, जरा वाकलेला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मी चालकाच्या बाजूचं दार उघडलं, तर तो वळसा घालून पलीकडे गेला.

"तुम्ही चालवा," तो म्हणाला. "मी इकडे बसतो."

"पण मत चालवणाऱ्याचं हवंय."

"मग दुसऱ्या कुणाला तरी बोलवायला हवं होतं. मी आयुष्यभर इकडेच बसलोय."

आता काय बोलणार? मी चालवलं. चढावर बॅटरीवरून गाडी इंजिनवर गेली, तेव्हा त्याचा खांदा जरासा थरथरला. मी तो तिरक्या नजरेने टिपला. पुढे ती ट्रॉली, तो बूट, ते लाल कान. फेरी संपल्यावर तो उतरायला वळला, आणि सीटच्या कडेपासून त्याच्या गुडघ्यापर्यंत राहिलेली जागा माझ्या डोळ्यांत आली. माझ्या तोंडून निघूनच गेलं —

"तुमची मांडी सरासरीपेक्षा तीन सेंटीमीटर लांब आहे."

तो अर्धा गाडीत, अर्धा बाहेर. तसाच थांबला.

"हे… तुम्ही सगळ्यांना सांगता?"

"म्हणजे — सीट आखूड पडत असेल, असं मला म्हणायचं होतं…"

"मदतनीस म्हणून फारच बारकाईने मदत करता हो तुम्ही."

जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते. मी फॉर्म त्याच्या हातात कोंबला आणि उगाचच दाराची काच पुसू लागले. तो टेबलापाशी उभ्यानेच लिहीत राहिला, वीस मिनिटं. मग कागद घडी करून माझ्या हातात दिला, हसला आणि गेला. दाराबाहेर पडताना एकदा मागे वळला. बहुतेक माझ्याकडेच… किंवा गाडीकडे.

फॉर्म उघडला आणि पाहिलं तर त्याने 'चालकाची सीट' आणि 'मागची सीट' हे दोन्ही रकाने उभी रेघ मारून खोडले होते. मध्ये स्वतः पट्टीने आखून तिसरा रकाना काढला होता, आणि तो पुरला नाही म्हणून समासात लिहिलं होतं.

'मी चालवणाऱ्याच्या शेजारी बसतो. त्या सीटला तुमच्या कागदावर रकाना नाही, म्हणून मी काढला. पहिल्या नमुन्यात बसलो. सीट चांगली आहे, पाठ सरळ राहते. पण ती चालवणाऱ्याची सीट आहे, तीच उलटी करून शेजारी ठेवलीय. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं. माझे हात मी कुठे ठेवू? वळण कधी येणार ते त्याला आधी कळतं, मला नंतर. इंजिन सुरू झालं तेव्हा बाईंना ठाऊक होतं, मी मात्र दचकलो. शेजारचा माणूस काही करत नसतो, तरी तो दमतो. ही सीट ज्यांनी केली त्यांना कुणाच्या शेजारी बसायची सवय नसावी.'

मी ते तिथेच उभ्याने तीनदा वाचलं. खाडाखोड केलेला फॉर्म नियमाने बाद. बादच्या गठ्ठ्यात टाकला असता तर कुणी ब्रही काढला नसता, आणि माझ्या सीटला एक वाईट मत कमी झालं असतं. पण टाकवेना. आणि मोजायला द्यायचीही हिंमत होईना. मी तो पर्समध्ये घातला.

घरी आत्या शब्दकोडं सोडवत बसली होती. मी नोकरीसाठी या शहरात आल्यापासून तिच्याकडेच राहते. तिची सगळी नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात झाली, त्यामुळे दुसऱ्याचं बोलणं ऐकून घ्यायची कला तिच्याइतकी कुणाला नाही. मी काही न बोलता फॉर्म तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा वर सरकवून वाचला.

"हा सीटबद्दल लिहितोय की तुझ्याबद्दल?"

"आत्या!"

"विचारलं आपलं. गेल्या आठ वर्षांत तू कुणाच्या गाडीत शेजारी बसलीयेस? गावाला जाताना तुझ्या बापाच्या हातातूनसुद्धा किल्ली काढून घेतेस."

मला दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग बघवत नाही, हे खरं होतं. मी तीन वर्षं चालवणाऱ्याची पाठ मोजली, त्याचे खांदे मोजले, आणि शेजारची सीट करायची वेळ आली तेव्हा तेच चित्र आरशात उलटं धरून कारखान्याला देऊन टाकलं. त्याला अर्धा दिवसही लागला नव्हता. झोप येईपर्यंत मला तो अर्धा दिवस आठवत राहिला.

सकाळी उठल्यावर मी आत्याला म्हटलं, "तुला गाडी शिकायचीये ना?"

"मला? कधी म्हटलं मी असं?"

"म्हणाली होतीस."

आत्याने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. "असेन म्हणाले," ती म्हणाली. "कुठल्या शाळेत म्हणाले होते, तेही सांगून टाक."

फॉर्मवर पत्ता होताच. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक खोली होती. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, टेबलावर कापून उघडा केलेला गिअरबॉक्स, आणि दोन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. मला दारात बघून तो उभाच राहिला.

"तीन सेंटीमीटर!"

"माझी आत्या," मी घाईघाईने म्हटलं. "तिला शिकायचंय. आणि मी… मागे बसेन. तिला एकटीला भीती वाटते."

"अजिबात वाटत नाही," आत्या म्हणाली. मी तिच्या पायावर पाय दिला. "वाटते, वाटते. फार वाटते."

रोज सकाळी सात ते आठ. आत्या चालवायची, मास्तर तिच्या शेजारी, मी मागे वही घेऊन. आत्या त्याला पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणू लागली आणि मग माझ्याही तोंडात तेच बसलं. वहीत मी त्याचं बसणं टिपत होते. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस फक्त बसणंच टिपलं.

शेजारी बसणं हे एवढं मोठं काम असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्याचा एक हात मांडीवर असायचा, रिकामा, पण बोटं कधीच सैल नसायची. आत्या वळण घ्यायची तेव्हा तिच्याआधी त्याची मान वळायची. पाठ अर्धीच टेकलेली. आणि एवढं सगळं चालू असताना आवाज मात्र असा, की जणू घरी आरामात बसून बोलतोय. "छान. आता जरा हळू… छान. ती सायकल आपली वैरी नाही, तिला जाऊ द्या… छान." आत्याने एकदा थेट भाजीवाल्याच्या टोपल्यांवर गाडी नेली, तेव्हाही तो "छान" म्हणाला आणि मग ब्रेक दाबला.

त्याच्यासाठी वर एक जादा आरसा लावलेला होता, मागचा रस्ता दिसावा म्हणून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्या आरशात रस्ता कमी आणि मी जास्त दिसते.

"मास्तर, मागे काय बघताय?"

"मागून गाडी येतेय का ते."

"मागे कुणीच नाही."

"म्हणून तर पुन्हापुन्हा बघावं लागतंय… एवढा मोकळा रस्ता, विश्वास बसत नाही."

आत्या समोर बघत म्हणाली, "मी गिअर टाकू का तुमचं झाल्यावर टाकू?"

एका सकाळी बारीक पाऊस होता. वायपर कुरकुरत होता, काचा आतून धूसर झाल्या होत्या. आत्याने गाडी बंद पाडली ती पाडलीच. सातव्यांदा बंद पडली तेव्हा ती चिडून म्हणाली, "मास्तर, हिच्या कारखान्याच्या त्या नव्या गाडीत क्लच नाही म्हणे. मग शिकवताय कशाला हा छळ?" मास्तर हसला, मान मागे टाकून, अगदी मोकळा. तेव्हा पहिल्यांदा त्याचं डोकं सीटला पूर्ण टेकलं. मी ते वहीत लिहिलं. लिहिताना माझा हात थांबला, कारण हे सीटच्या कामाचं नव्हतं आणि तरी मला ते लिहायचंच होतं. त्या धूसर काचांच्या आत बसून मला स्वच्छ कळलं की मला हा माणूस आवडलाय.

सांगायला हवं होतं. 'ती सीट माझी आहे' एवढंच. पण आधी वाटलं, सांगितलं तर तो गुळगुळीत बोलायला लागेल. मग वाटलं, आता फार उशीर झाला. असं करत करत नववा दिवस उजाडला.

नवव्या दिवशी एक कुत्रं आडवं आलं. या वेळी ब्रेक आत्याने दाबला, मास्तरच्या आधी, स्वतःहून, आणि तोही इतक्या जोरात की माझ्या मांडीवरची वही पुढच्या दोन सीटमधून उडून त्याच्या पायाशी पडली. उघडी.

त्याने उचलली. द्यायला म्हणून हात मागे आणला, आणि मग तो हात तिथेच राहिला.

"'मास्तर. उंची अंदाजे एकशे ब्याऐंशी. डाव्या खांद्याखाली आधार हवा, अडीच सेंमी.'" तो हळू वाचत होता. "'उजवा हात रिकामा. हाताखाली काहीतरी हवं. मान टेकत नाही. टेकते ती फक्त हसताना.'" त्याने पान उलटलं. "'आज हसला नाही. कारण?'"

आत्या दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून म्हणाली, "मी समोर बघतेय. मला काही ऐकू येत नाही."

"ती सीट मी केलीये," मी म्हटलं. "पहिला नमुना. मी मदतनीस नाही."

"अच्छा."

"तुमचं मत वाचलं, आणि मला बघायचं होतं, की शेजारी…"

"म्हणजे मी नमुना क्रमांक तीन," तो म्हणाला. आवाज तसाच शांत, आत्याला सायकल दाखवताना असायचा तसा. तेच मला जास्त लागलं. "मला वाटलं, तुम्ही आत्यांसाठी येता. मग वाटलं… जाऊ द्या, काय वाटलं ते." त्याने वही मिटून माझ्या हातात दिली. "आत्या, आरसा बघा. निघू या. छान."

आरशात त्या दिवशी त्याने फक्त रस्ताच बघितला. दुसऱ्या दिवसापासून मी शिकवणीला जाणं बंद केलं. आत्या मात्र एकटी जात राहिली. "अर्धवट शिकून सोडू?" ती म्हणाली. "रस्त्यावरच्या लोकांनी काय घोडं मारलंय माझं?"

मी वर्कशॉपमध्ये राहू लागले. नुसतं बसून राहिले तर रडू येईल असं वाटायचं, म्हणून शेजारची सीट उसवली. कडेचे उंचवटे खाली घेतले, खांद्याची जागा रुंद केली, हाताखाली टेकू दिला, बसायची जागा जराशी मागे कलवली. मग कारखान्याच्या ड्रायव्हरला म्हटलं, तुम्ही चालवा. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी राजीनामाच दिलाय. तासभर मी शेजारी बसले. पहिली पंधरा मिनिटं माझी मान ताठ, पाय ताठ, मनात सारखं 'आता दाब, आता दाब'. मग हळूहळू खांदे उतरले. रस्त्याच्या कडेची झाडं दिसायला लागली. याच रस्त्याने आठ वर्षं येत होते मी, ही झाडं कधी धड बघितली नव्हती. नवी सीट अजून कच्ची होती, बरोबर व्हायला निदान चार महिने हवे होते. पण जुनी चुकली होती, यात शंका उरली नाही.

निकालाच्या दिवशी सरासरी साहेब खुशीत होते. पहिला नमुना थोडक्यात पुढे होता. सगळ्यांनी माझ्याकडे बघून टेबल वाजवलं. तीन वर्षं मी याच आवाजाची वाट बघत होते. मी उठले आणि पर्समधून घडीचा कागद काढला.

"साहेब, हा बाद फॉर्म आहे. पंधरा दिवस माझ्याकडे होता. गठ्ठ्यात टाकायला हवा होता, मी टाकला नाही."

मी तो मोठ्याने वाचला.

"एका माणसाचं मत आहे हे," साहेब म्हणाले. "तेही रकाने खोडून दिलेलं. एकशे एकोणीस लोक काय म्हणतात?"

"त्यांना आपण विचारलंच नाही. ते चालवायला बसले किंवा मागे बसले. शेजारच्या सीटला रकानाच नव्हता. फॉर्म मी केला होता साहेब, रकाना मीच विसरले." मी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. "चालकाची सीट बरोबर आहे, तिच्यासाठी मी भांडेन. शेजारची चुकलीये. मला चार महिने द्या."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. वाईट माणूस नव्हता तो. "गाडी चार महिने थांबत नाही गं," ते म्हणाले. "चालकाची तुझी राहील. शेजारी आणि मागे दुसऱ्या नमुन्याची मऊ सीट लावू. तुझी नवीन कधी झाली तर पुढच्या गाडीत बघू. कधी झाली तर."

म्हणजे माझं अर्धं काम गेलं, आणि मीच बोलून घालवलं. दुसऱ्या नमुन्यावाल्यांनी टेबल वाजवलं. मी पण वाजवलं, दुसरं करणार काय?

घरी येऊन आत्याला सांगितलं. तिने कोडं बाजूला ठेवलं. "वाईट वाटतंय?"

"खूप. पण तो फॉर्म लपवला असता तर…"

"उद्या मास्तर मला मैदानावर एकटीला गाडी देणार आहेत," आत्या म्हणाली. "पहिल्यांदाच. तू ये. आता मला खरंच भीती वाटतेय."

मैदान मोठं होतं, कडेने चुन्याची रेघ मारलेली. मास्तरने गाडी थांबवली, शेजारचं दार उघडून उतरला, आणि आत्या आत एकटी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "छान," तो खिडकीतून म्हणाला. "रेघेच्या आतून फेऱ्या मारा. वाटलं की थांबा." गाडी गचका खाऊन निघाली. आम्ही दोघं कडेला उभे राहिलो, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. ते मी मोजलं नाही, नुसतं दिसलं.

"सीटचं काय झालं?" त्याने आत्यावरची नजर न काढता विचारलं.

मी सांगितलं. फॉर्म वाचला ते, टेबल वाजलं ते, अर्धी सीट गेली ते. मी बोलत असताना आत्या एकदा समोरून गेली, ओठ घट्ट मिटून.

"माझ्या चार ओळींसाठी?" तो म्हणाला. आता त्याने माझ्याकडे बघितलं. "मी आपलं उगाच… मला राग आला होता त्या कागदाचा. कुठेच रकाना नव्हता."

"चार नव्हत्या, तेरा ओळी होत्या. आणि खऱ्या होत्या. तुम्हाला न सांगता तुमच्याकडे बघत बसले, ते मात्र माझं चुकलं. त्या वहीतलं अर्धं सीटसाठी होतं. उरलेलं अर्धं कशासाठी होतं, ते मला लिहितानाच कळलं होतं. मी सांगायला घाबरले."

आत्या दुसऱ्यांदा गेली. या वेळी तिने एक हात उचलून दाखवला आणि घाईने परत खाली ठेवला.

"बघा, येतेय त्यांना," तो म्हणाला. आवाजात आनंद होता आणि आणखीही काहीतरी. "या मैदानावर मी आजपर्यंत नऊशेच्या वर माणसं सोडलीत. माझं काम असंच आहे. नीट झालं की माणूस निघून जातो. रस्त्यात हॉर्न वाजवतात, हात करतात, चांगलं वाटतं. पण शेजारची जागा सोमवारी परत रिकामी… म्हणजे, मी तिथे असतो. पण माझ्या शेजारी कुणी राहत नाही. तुम्ही वही काढलीत तेव्हा वाटलं, ही तर शिकायच्याही आधीच निघाली."

एरवी अशा वेळी मी काहीतरी मोजायला घेते. पण आता मोजण्यासारखं काही नव्हतं.

"मास्तर, मला गाडी येते," मी म्हटलं. "चांगली येते. तुमच्याकडून शिकून निघून जाण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मला येत नाही ते फक्त शेजारी बसणं. परवा तासभर बसून पाहिलं. जमेल असं वाटतंय… पण वेळ लागेल. बरीच वर्षं लागतील."

त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"तुम्ही मला आवडता," मी म्हटलं, कारण एवढं बोलल्यावर तेवढंच कशाला शिल्लक ठेवायचं? "सीटसाठी नाही. असेच."

"मी चालवतो फार हळू," तो म्हणाला. "कंटाळाल."

"चालेल."

"आणि मध्येमध्ये मला छान म्हणायची सवय आहे."

"ते ऐकायलाच तर मागे बसत होते."

मधलं अंतर कुणी कमी केलं ते मला सांगता येणार नाही. त्याचा हात नेहमीसारखा रिकामाच होता, मी तो धरला. बोटं आधी ताठ होती, मग सैल झाली.

गाडीचा आवाज जवळ आला. आत्या रेघेच्या आतून अगदी सरळ येत होती, आमच्यापाशी आल्यावर तिने वेग कमी केला, काच खाली केली आणि आमच्या हातांकडे बघितलं. थांबायचं कसं ते तिला आता पक्कं येत होतं.

"चालू द्या तुमचं," ती म्हणाली. "मी अजून दोन फेऱ्या मारते."